उजेड वाढला, मग रस्ता का दिसेना?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाची पिकअप आहे. बेळगावची भाजी भरून ते रात्री चोर्ला घाट उतरतात आणि पहाटे म्हापशाच्या बाजारात माल टाकतात. गाडी नऊ वर्षांची. हेडलाईटचा उजेड पुरेना म्हणून मे महिन्यात त्यांनी साखळी गावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान असलेल्या मावसभावाकडून हेडलाईटचे एच-४ प्रकारचे एलईडी बल्ब बसवून घेतले. त्याच दिवशी इंडिकेटर आणि मागचे दिवेही एलईडी झाले. साडेपाच हजार रुपये गेले. बल्बच्या मागचा पंखा मोठा, त्यामुळे हेडलाईटमागची रबरी टोपी बसेना, म्हणून ती मधून कापली. पाऊस सुरू झाला आणि डाव्या हेडलाईटमध्ये पाणी दिसू लागलं. इंडिकेटर घाईघाईने लुकलुकतात, हेडलाईट लावली की रेडिओ खरखरतो, समोरून येणारे सारखे अप्पर (लांबचा झोत) मारतात आणि घाटात धुकं असलं की पूर्वीपेक्षाही कमी दिसतं. भाऊ म्हणतो, "हे बल्ब हलके निघाले, वरच्या किमतीचे घालू, नाहीतर केबिनवर बार लाईट लावू." वडिलांनी आयुष्यभर खनिजाचे ट्रक चालवले. ते म्हणतात, "जुने बल्ब परत लाव." वाचक विचारतात: आणखी पैसे घालू की माघार घेऊ? आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो तर भाऊ दुखावेल, त्याचं काय करू?

नमस्कार.

तुमच्या पत्रात रेडिओच्या खरखरीनंतर आणि खर्चाच्या हिशोबाआधी एक ओळ आहे. "परवा अस्नोड्याला समोरून येणारा पोदेर सायकलसकट कडेला गटारात उतरला, लागलं नाही." तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. मला मात्र पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. पहाटे पाव घेऊन निघालेल्या पोदेराच्या सायकलला बहुधा दिवाही नसतो. त्याला रस्ता दिसतो तो रस्त्यावरच्या खांबांच्या आणि आकाशाच्या उजेडात. तुमचा लाईट डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण त्याला काहीच दिसत नाही, आणि त्याच क्षणांत तुमची भरलेली गाडी त्याच्या बाजूने जाते. या वेळी गटार होतं आणि तो सुटला. म्हणून बाकी सगळं ठरायच्या आधी एक काम आजच करा: पुढच्या फेरीपूर्वी हेडलाईटमधले एलईडी काढून जुने ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब घाला. ते टाकून दिले असतील तर नवी जोडी काही शे रुपयांत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. ही माघार आहे असं समजू नका. नीट तपासणी होईपर्यंत रस्त्यावरच्या माणसांना धोका नको, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही, तुमचा भाऊ आणि तुमचे वडील, तिघेही एकच गोष्ट गृहीत धरून बोलता आहात, की उजेडाचा प्रश्न म्हणजे बल्बचा प्रश्न. भावाला वाटतं बल्ब आणखी भारी हवा, वडिलांना वाटतं जुनाच बरा. जुन्या हॅलोजनचा उजेड कमी का पडत होता, हे मात्र कुणी तपासलेलं दिसत नाही.

नऊ वर्षांच्या गाडीत, तीही आपल्या दमट, खारट हवेत वापरलेल्या, हेडलाईटकडे जाणारा वीजप्रवाह लांबचा फेरा मारून येतो. बॅटरीतून केबिनमधल्या स्विचपर्यंत, स्विचमधून परत पुढे बल्बपर्यंत. वाटेत कप्लर (वायरींचे जोड) गंजतात, स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, अर्थिंगच्या, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जोडतात त्या, नटाखाली गंज धरतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. हॅलोजनला ही गळती अजिबात सोसत नाही. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर त्याचा उजेड दहा टक्के घटत नाही, साधारण तीस टक्के घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत आणि पेटलेल्या बल्बच्या टोकांवर साडेबाराच, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वायरिंगनेच खाल्ला असं समजा. त्यात काच प्लास्टिकची असेल आणि उन्हाने पिवळी, धुरकट झाली असेल, तर उरलेल्यातलाही बराच आत अडकतो.

एलईडी बसवल्यावर पहिल्या रात्री फरक डोळ्यांत भरला असं तुम्ही लिहिलंत. त्याचं एक कारण इथेच आहे. एलईडी बल्बच्या शेपटाला जी छोटी डबी असते, तो त्याचा ड्रायव्हर. व्होल्टेज थोडं कमी आलं तरी तो चिपला (उजेड देणाऱ्या बारीक तुकड्याला) लागेल तेवढाच प्रवाह देत राहतो. त्यामुळे वायरिंग आजारी असलं तरी एलईडी भक्कम पेटतो. तुमच्या गाडीचा मूळ दोष तसाच राहिला, फक्त झाकला गेला. हाच दोष उद्या फॉगलाईट लावताना किंवा हॉर्न अचानक बंद पडेल तेव्हा पुन्हा वर येईल.

आता समोरचे लोक अप्पर का मारतात ते पाहू. एच-४ हॅलोजन हातात घेऊन नीट बघा. काचेच्या आत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची (खाली, जवळ पडणाऱ्या उजेडाची). डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि तिथून उजेड खाली, रस्त्यावर फेकला जातो. समोरच्याच्या डोळ्यांच्या खाली जी उजेडाची स्वच्छ रेघ राहते, ती या वाटीची करामत. हेडलाईटचा रिफ्लेक्टर या बारीक तारेची जागा धरूनच बनवलेला असतो. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी उजेडाचा आकार बिघडतो.

एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी चिप असतात, पट्टीच्या दोन बाजूंना. चांगल्या बनावटीत त्या बरोबर तारेच्या जागी येतात आणि खाली वाटीसारखा पत्राही असतो. स्वस्तात पट्टी जाड असते, चिप पुढे-मागे असतात, वाटी नावापुरती असते. शिवाय बसवताना चूक होण्याची जागा वेगळीच. एलईडीची तीन कानांची कडी बहुधा सुटी असते आणि एका बारीक अॅलन स्क्रूने घट्ट होते. पंखा क्लिपला अडला की फिटर बल्ब थोडा फिरवून बसवतो. डिपरच्या चिप बरोबर डावी-उजवीकडे तोंड करून असायला हव्यात. त्या तिरक्या झाल्या की एका बाजूने उजेडाची रेघ वर चढते. तुमच्या डाव्या बल्बची क्लिप नीट बसत नाही, सुतळी बांधली आहे असं तुम्ही लिहिलंत. खड्ड्यांत तो बल्ब हलत असणार आणि त्याच्याबरोबर उजेडही.

खोक्यावर २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) छापलं होतं ना? एच-४ हॅलोजनचा नेमून दिलेला उजेड अप्परवर साधारण १,६५० आणि डिपरवर १,००० ल्युमेन असतो. एलईडी एका वॅटला ढोबळमानाने शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे २०,००० साठी दोनेकशे वॅट हवेत. भावाला मीटरवर त्या बल्बचा प्रवाह मोजायला सांगा. दोन-अडीच अँपिअर भरले, तर तो पंचवीस-तीस वॅटचा बल्ब आहे आणि छापलेला आकडा हवेतला आहे. वरच्या किमतीच्या खोक्यावरचा आकडा खरा असेल याची खात्री तुम्हाला कोण देणार?

धुक्याचं गणितही याच्याशी जोडलेलं आहे. विखुरलेला उजेड रेघेच्या वर जातो, धुक्याच्या थेंबांवर आदळतो आणि तुमच्याच डोळ्यांकडे परत येतो. केरीहून वर चढायला लागलं की पावसाळ्यात घाट ढगातच असतो, तिथे हा उजेड गाडीपुढे पांढरी भिंत उभी करतो. त्यात एलईडी बहुतेक ६,००० ते ६,५०० केल्विनचे, निळसर पांढरे; हॅलोजन ३,२०० च्या आसपास, पिवळसर. निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळले की आपल्या बुबुळाची खिडकी लहान होते आणि लांबचं अंधारात जातं. ड्रायव्हरला वाटतं लाईट जबरदस्त आहे. पण वळणापलीकडे रस्त्यावर बसलेली गुरं त्याला उशिरा दिसतात. आपल्याकडे रात्री रस्त्यावर गुरं असणारच हे धरून चालायला लागतं, आणि सत्तरीत तर गवेही येतात.

आता पाणी. यात उशीर करू नका, कारण बाकीचं सगळं दुरुस्त होतं, खराब झालेला रिफ्लेक्टर होत नाही. रबरी टोपी कापली की हेडलाईटच्या पाठीमागून वाफ, खारट हवा आणि आपली लाल धूळ थेट आत जाते. रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. एकदा तो मळकट झाला की पुसून चालत नाही, फडक्याबरोबर थरच निघून येतो. हॅलोजन असताना थोडी वाफ शिरली तरी चालून जायचं, कारण त्या बल्बची बरीच उष्णता पुढे काचेवर पडते आणि ती वाळते. एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते, काच थंड राहते, म्हणून एकदा आलेला ओलावा जात नाही. हेडलाईट बाहेर काढा, बल्ब काढून पाणी ओता, सावलीत तोंड खाली करून एक-दोन दिवस वाळू द्या. घाई असेल तर केस वाळवायच्या यंत्राने, कमी उष्णतेवर. आत कापड घालू नका. कुणी खाली भोक पाडून देतो म्हणाला तर नको म्हणा. आणि कुणी सगळ्या फटींना सिलिकॉन लावून देतो म्हणाला तर त्यालाही थांबवा, कारण हेडलाईटला श्वास घ्यायला बारीक नळ्या ठेवलेल्या असतात, त्या बुजल्या तर पाणी कायमचं आत राहील. नवी रबरी टोपी कंपनीच्या पार्टमध्ये मिळते. रिफ्लेक्टर डागाळलाच असेल तर त्या बाजूचा पूर्ण हेडलाईट बदला. साडेपाच हजारांमधले काही पैसे तिथे लागले असते तर फार बरं झालं असतं.

एवढं झाल्यावर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते.

हॅलोजनच ठेवले असते आणि पैसे वायरिंगवर घातले असते. हेडलाईटसाठी रिले वायरिंगचं तयार किट मिळतं; रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. त्यात बॅटरीतून जाड वायर थेट बल्बपर्यंत जाते, आणि जुना कप्लर फक्त रिले चालू-बंद करतो. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, पुढे कधी मूळ स्थितीत आणायचं तर कप्लर पुन्हा पूर्वीसारखे जोडले की झालं. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले. दोन्ही बल्ब मिळून अप्परवर १२० वॅट, म्हणजे दहा अँपिअर, तेव्हा फ्यूज १५ चा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच. पुढे घातलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. अर्थिंग दोन्ही बाजूंना, बॉडीचा रंग खरवडून, नट आवळून, वर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. आपल्या हवेत हा शेवटचा लेप विसरलात तर दोन पावसाळ्यांत परत तिथेच याल.

उजेड वाढवायला काही जण १००/९० वॅटचे हॅलोजन घालतात. तो मोह नको. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो, आणि समोरच्याचे हाल एलईडीसारखेच होतात.

यापुढचं काम मी सगळ्यात मोलाचं मानते, आणि पिकअपवाल्यांपैकी फार थोडे ते करून घेतात. लाईटचं लेव्हल, आणि तेही गाडी भरलेली असताना. तुमच्या गाडीची पुढची-मागची चाकं साधारण तीन मीटर अंतरावर आहेत. हौद्यात भाजीची पोती चढली आणि मागचे पाटे सहा सेंटिमीटर दबले, तर नाक तेवढ्याच प्रमाणात वर उचललं जातं. हे दोन टक्के झाले. दहा मीटरवर उजेड वीस सेंटिमीटर वर जातो, पन्नास मीटरवर एक मीटर. म्हणजे रिकाम्या गाडीवर अगदी बरोबर लावलेला डिपर भरल्यावर थेट समोरच्याच्या तोंडावर. अस्नोड्याच्या त्या पोदेराच्या डोळ्यांवर जो उजेड पडला, त्यात एलईडीचा वाटा किती आणि बेळगावच्या कोबीचा किती, हे मला इथून सांगता येणार नाही, पण दोन्हींचा होता.

तुम्ही रात्री चालवता तेव्हा गाडी भरलेली असते, रिकामी परत जाता ती दिवसा. म्हणून नेहमीच्या वजनावरच लेव्हल करा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या. सपाट जागा आणि समोर भिंत शोधा, बंद गोदामाचं शटरही चालेल. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची रेघ त्या पट्टीच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली यायला हवी. डाव्या टोकाला रेघ थोडी वर चढलेली दिसेल. ती चढायलाच हवी, डाव्या कडेचा माणूस आणि पाटी दिसावी म्हणून ती सोय आहे. चढण उजव्या बाजूला दिसली, तर तो हेडलाईट उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे. बाहेरून येणाऱ्या पूर्ण हेडलाईट सेटमध्ये हे घडतं, घेताना नक्की पाहा. हेडलाईटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावं-उजवं. एका वेळी अर्धा फेरा, मग परत भिंतीकडे नजर. डॅशबोर्डवर लेव्हलचं चक्र असेल तर रिकाम्यासाठी शून्य आणि भरलेल्यासाठी पुढचे आकडे. पुष्कळांच्या गाडीत ते असतं आणि कधीही फिरवलेलं नसतं.

हे सगळं करूनही घाटात कमी पडलं, तर बंपरवर, हेडलाईटच्या खाली, पिवळ्या फॉगलाईटची जोडी लावा. वेगळा रिले, वेगळा फ्यूज. उजेड रुंद आणि जमिनीलगत पडतो, धुक्याच्या खालून रस्त्याची कड दिसते. घाटात लावा, साखळीला उतरलात की बंद करा.

एलईडीच हवा असेल तर? मी त्याच्या विरोधात नाही. नव्या गाड्यांत कंपनीकडूनच एलईडी हेडलाईट येतात आणि छान चालतात, कारण त्यांचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच बनवलेली असते. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीचा असा पूर्ण हेडलाईट असेल आणि तो तुमच्या खाचेत बसत असेल, तर विचार करायला हरकत नाही. खर्च मात्र बराच आहे, आणि मंजूर बनावटीचा आहे का हे बघूनच. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब कोंबणं, क्लिपच्या जागी सुतळी बांधणं आणि टोपी कापणं यातून तुम्हाला हवा तो उजेड मिळेल असं मला वाटत नाही.

इंडिकेटरचं कोडं सोपं आहे. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) २१ वॅटच्या बल्बांचा प्रवाह ओळखतो. एलईडी त्याच्या कितीतरी कमी प्रवाह घेतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, म्हणून तो घाई करून ड्रायव्हरला कळवतो. दोन उपाय सांगतात. एलईडीला चालणारा फ्लॅशर घालणं हा चांगला. प्रत्येक बल्बला जास्तीचा प्रवाह खेचणारा रेझिस्टर जोडणं हा दुसरा. सहा ओमचा रेझिस्टर पेटलेला असताना चोवीस वॅटची उष्णता सोडतो, प्लास्टिकवर किंवा वायरच्या जुडग्यावर बांधला तर वितळवेल, त्यामुळे पत्र्यावरच बसवायचा. मी असते तर २१ वॅटचे बल्ब परत घातले असते. मागचे दिवेही एकदा अंधारात मागे उभे राहून पाहा. ब्रेक दाबल्यावर ठळक फरक दिसतो का? स्वस्त एलईडीत पार्किंग आणि ब्रेक जवळजवळ सारखेच दिसतात, मागून येणाऱ्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी असेल तर उजेड गुलाबी पडतो, तिथे लालच हवा. रेडिओची खरखर एलईडी बल्बच्या ड्रायव्हरच्या डबीमुळे, ती गेली की खरखरही जाईल.

बार लाईटला, म्हणजे एलईडीच्या त्या लांब पट्टीला, माझा सरळ नकार. त्याला डिपर नसतो, रेघ नसते, केबिनवर बसवला की काही उजेड तुमच्याच बॉनेटवरून परत येतो, आणि धुक्यात तर बघायलाच नको. कायदाही आड येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा १०६ वा नियम सांगतो की पुढचा उजेड कायम खाली झुकलेला हवा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली झुकवता यायला हवा. आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला तो दिपवता कामा नये. स्कूटरवर बसलेल्या माणसाचा डोळा जवळपास तिथेच येतो. १११ वा नियम समोर स्पॉटलाईट, सर्चलाईट लावायला मनाई करतो. परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं म्हटलं. तुमची गाडी मालवाहतुकीची, तिचं पासिंग ठरावीक काळाने करावंच लागतं. दर पासिंगला हॅलोजन घालायचे आणि बाहेर येऊन एलईडी लावायचे, हा प्रकार बरेच जण करतात. तुम्ही त्यात पडू नका.

उरला तुमचा भाऊ. दुसऱ्याकडे जावं लागेल असं तुम्ही धरूनच चाललात. मला त्याची गरज वाटत नाही. बाजारात जे मागितलं जातं ते त्याने बसवलं, आणि तुम्हीही तेच मागितलं होतं. रिले वायरिंग, अर्थिंग, व्होल्टेजची गळती शोधणं, हे त्याचं खरं कसब आहे आणि पार्ट विकण्यापेक्षा त्यात त्याला मजुरीही चांगली सुटते. त्याच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. "मीटर लावून बॅटरीवर आणि बल्बवर किती व्होल्ट येतात ते बघूया," एवढं म्हणा. आकडा समोर आला की कोण बरोबर होतं हा वाद राहत नाही. या वेळी मजुरी पूर्ण द्या, नात्यातली सूट घेऊ नका. सवलतीत केलेलं काम परत परत घेऊन जायला तुम्हाला संकोच वाटतो आणि त्याला ते पुन्हा बघायला कंटाळा येतो, असं पत्रातूनच जाणवतं. त्याने मीटर लावायलाच नकार दिला, तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे आहात, आणि त्याला तसं आधी सांगून जा. एलईडी बल्ब दुकानदार परत घेत असेल तर बघा, पण ते दुसऱ्या हॅलोजनवाल्याच्या गळ्यात मारू नका, मग ती पिकअप असो की छोटा हत्ती.

लेव्हल करताना वडिलांना बोलवा. डिपर लावून त्यांना आठ-दहा मीटर पुढे, उजव्या बाजूला स्कूटरवर बसवा आणि डोळ्यांवर येतंय का विचारा. इतकी वर्षं रात्री ट्रक हाकलेल्या माणसाला उत्तर द्यायला क्षणही लागणार नाही, आणि त्यांच्या सल्ल्याला घरात मान मिळाला हे त्यांनाही दिसेल. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानाच्या आणि भाजीच्या फेऱ्या वाढतील, त्याआधी हे उरका.

मीटर लावाल तेव्हा तीन आकडे लिहून मला कळवा: इंजिन चालू असताना बॅटरीवर किती, डाव्या बल्बवर किती, उजव्या बल्बवर किती. डाव्या-उजव्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर जिथे कमी भरतात त्या बाजूच्या अर्थिंगपासून शोध सुरू करा. तुमच्या गाडीत पाणी डावीकडे शिरलंय, तेव्हा आधी तीच बाजू उघडा.